पाचवं ताट

जरा पुढे सरका बरं सगळे. भिंतीला टेकून डुलक्या काढायच्या असतील तर नंतर काढा. एका ताटाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहान आहे, पण ऐकून उठाल तेव्हा पोटात भूक आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही असेल.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सकाळी सातलाच चार शेगड्या पेटल्या होत्या. चार शेगड्यांवर चार पातेली आणि प्रत्येकाच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा. सुऱ्या वेगळ्या, फडकी वेगळी. सणाचं जेवण होतं आणि आश्रमात माणसं चार धर्मांची. कुणाला जमिनीखाली उगवलेलं काही चालायचं नाही, कुणाला मांसाच्या जवळपास दुधाचा थेंब नको. स्वयंपाकीणबाई बोलताना हातातली पळी नाचवायच्या, म्हणून त्यांना सगळे पळीताई म्हणत.

व्यवस्थापक दारात येऊन उभे राहिले. "ताई, दोरे छान आहेत. पण गप्पआजीचं काय?"

गप्पआजी चार दिवसांपूर्वी आली होती. तिचा जुना आश्रम बंद पडला, तिथून गाडीत घालून पाठवून दिली. कागदावर धर्माचा रकाना कोरा. तोंडातून शब्द नाही. आल्यापासून अन्नाचा एक कण पोटात नाही. ताट पुढे ठेवलं की सरकवून द्यायची. चहा तेवढा घ्यायची, तोही सगळ्यांचे कप रिकामे झाल्यावर, गारढोण झालेला.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय," व्यवस्थापक म्हणाले. "आज घास गेला नाही, तर संध्याकाळी रुग्णालयात. नाकातून नळी."

"नळी कशाला? चार दिवस कुणी उगाच उपाशी राहत नाही. काहीतरी नेम असणार तिचा. तो आपल्याला कळत नाही, हा दोष आपला."

"आणि कळलाच नाही तर?"

"तर पळी तुमच्या हातात देऊन मी घरी जाते," पळीताई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

साडेबाराला घंटा झाली. लांब टेबलाच्या टोकाला आजीची चाकाची खुर्ची लावली. अशक्त म्हणून रोजच पहिलं ताट तिचं. आज तिच्या शेजारी हिरव्या दोऱ्याच्या मंडळींतले मास्तर बसले होते. तिचा धर्म ओळखता यावा म्हणून त्यांनी आपली प्रार्थना तिच्या कानाशी हळू आवाजात म्हटली. आजीचा चेहरा उजळला. तिने मान डोलावली.

"आमचीच!" मास्तर ओरडले.

पळीताईंनी हिरव्या दोऱ्याच्या पातेल्यातून वाढलं. आजीने ताटाकडे डोळे भरून पाहिलं. चमचा सरळ केला. शालीच्या टोकाने ताटाची कड पुसली. आणि ताट हळूच मास्तरांपुढे सरकवलं.

"आमची नाही," मास्तर खाली मान घालून म्हणाले आणि जेवायला लागले.

"अहो, तुम्ही काय खाताय?"

"अन्न टाकणं पाप आहे, ताई."

हिरव्या दोऱ्याची सगळी मंडळी जेवायला बसली. मग शिंपीकाका शेजारी आले, त्यांनी भजन म्हटलं. आजीने ताल धरला. लाल दोऱ्याचं ताट आलं. चमचा सरळ झाला, कड पुसली गेली, ताट शिंपीकाकांपुढे गेलं. निवृत्त नर्सबाईंचं तेच झालं. म्हाताऱ्या खलाशाचा आवाज फुटका, त्याच्या गाण्यालाही तिने हात जोडले. चौथं ताटही खलाशाच्या पोटात गेलं.

"सगळ्यांच्याच देवाला नमस्कार करते ही," खलाशी म्हणाला. "अशा माणसाला वाढायचं तरी काय?"

अडीच वाजले. सगळ्यांचे हात धुऊन झाले. कुणी उठेना, सगळे तिच्याकडेच बघत होते. आजी मात्र सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. व्यवस्थापकांनी दूरध्वनी उचलला.

"थांबा!" पळीताई आत धावल्या. रिकाम्या शेगडीवर त्यांनी आधीच एक कोरं करकरीत पातेलं चढवून ठेवलं होतं, त्याला दोरा नाही. त्यात फक्त तांदूळ, पाणी, मीठ. सकाळीच चौघांना विचारून ठेवलं होतं. ह्या भाताला चारही जणांची ना नव्हती. पातेलं तसंच टेबलावर आणलं. पाचवं ताट वाढलं.

"आजी, ह्यात कुणाचाच नेम मोडत नाही. माझ्यासाठी एक घास."

आजीने चमचा सरळ केला. कड पुसली. आणि ताट पळीताईंपुढे सरकवलं.

नर्सबाईंनी तोंडाला रुमाल लावला. पळीताई मटकन खुर्चीत बसल्या. "हरले गं बाई," त्या म्हणाल्या. पहाटेपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. समोर वाफाळता भात होता, डोळ्यांतून धार लागली होती. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी एक घास उचलला आणि तोंडात घातला.

आजीने तो घास गिळला जाईपर्यंत वाट पाहिली. मग हात लांब करून टेबलावरची पळी घेतली. पातेलं स्वतःकडे ओढलं. तळाचा भात खरवडून एका रिकाम्या ताटात वाढून घेतला आणि जेवू लागली. एक घास, दुसरा, तिसरा.

व्यवस्थापकांच्या हातातून दूरध्वनी खाली आला. मास्तर उभे राहून टाळ्या पिटू लागले, खलाशाने शीळ घातली, शिंपीकाका आणि नर्सबाई आपापल्या देवाचं नाव एकदमच घेऊ लागले. पळीताई रडत होत्या, हसत होत्या, आणि भात खात होत्या.

आजीने ताट स्वच्छ केलं. तोंड पुसलं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांकडे पाहिलं, पळीताईंच्या पाठीवर हात ठेवला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"पोटभर जेवलात ना? किती दिवसांनी माझं घर भरलं! पुढच्या सणालाही सगळे या हं. आणि येताना हिला विसरू नका, बिचारी सकाळपासून उपाशी होती."