एक जानेवारी ऐंशी

महिपत विहिरीत मेला, पण दाखल्यावर तारीख पडली १ जानेवारी १९८०. त्याच दिवशी मंडलातली आणखी दोनशे अकरा माणसं मेली होती.

"तो गेल्या पोळ्याले मेला जी," मथुराबाई मंडल कचेरीच्या खिडकीतून म्हणाली. "हीर ढासळली. मालक जाऊन वरीसही नाई झालं."

"मी कुठी नाई म्हनतो?" आतून भगवानराव कारकून म्हणाले. "मी सोता आलतो मातीले."

म्हणजे वाद नव्हता. साल अठ्ठ्याण्णव होतं, हेही दोघांना मान्य होतं.

मान्य नव्हतं ते कम्प्युटरला. जिल्ह्याला नवा आला म्हणून हा जुना इकडे धाडला होता. त्याला जास्वंदाचा हार होता आणि त्याच्यासमोर चपला काढाव्या लागत. त्याच्या आतला सेल मेला होता. मंडलातला हा एक मृत्यू तेवढा नोंदवायचा राहिला होता. करंट गेला की मशीन तारीख विसरे, आणि करंट आला की १ जानेवारी १९८० पासून पुन्हा जगायला लागे. करंट दिवसातून सहादा जाई. दाखला भरताना मशीन आधी आपल्याकडची तारीख पुढे करी, चूक असेल तर बदला म्हणे. भगवानरावांना शिकवायला आलेला माणूस जेवायच्या आधीच परत गेला होता. जाताना सांगून गेला होता, काहीही विचारलं की एंटर दाबा. भगवानराव शब्दाचे पक्के होते.

"वस्तिगृहाच्या बाई म्हनतात, बाप ऐंशीत मेला अन् पोरगी सत्त्याऐंशीची," मथुराबाई म्हणाली. "मधातल्या सात वर्षांचं लेखी आना म्हनतात. दोन प्रतीत. मी काय लिवून देऊ जी?"

मागे बाकावर तिचा दीर मारोतराव बसला होता. त्यानं पुतणीसाठी, गिरजासाठी, इचोड्याचा एक ट्रकवाला पाहिला होता. चाळिशीचा, पहिली बायको वारलेली. गिरजा अकराची होती. पोरीला अठरा पुरे नाहीत, पोलीस आणीन, असं म्हणून शाळेच्या मास्तरनं लग्न अडवलं होतं. बाप नसलेल्या पोरींच्या वसतिगृहाचा अर्जही त्यानंच भरून दिला होता. नाव घालायची आज शेवटची तारीख. पाच वाजेपर्यंत नाव लागलं नाही तर गिरजा काकाच्या घरीच राहणार होती.

"तेवढी महिपतची तारीख बदला ना जी."

भगवानरावांनी आवाज खाली आणला. "यादी हैदराबादले गेली बाई. तिकून इचारना आली, एका दिवसात दोनशे बारा मेलेच कसे? साहेबांनी हैजा लिवला. मंग औषधं आले, डॉक्टर आले. हैजा आटोक्यात आनला म्हनून साहेबांले कागद भेटला, फ्रेम करून लावला. आता महिपतले त्या हैज्यातून काढू कसा?"

"तो हिरीत मेला जी."

"असन. पन हैजा आटोक्यात आला ना."

मथुराबाई खिडकीपासून हलली नाही. मागे रांग खोळंबली. भगवानरावांना दया आली. माणूस मदत करणारा होता, घडलं ते त्यातूनच.

"बापाचं हालत नाई," ते म्हणाले. "पोरीचं हालवून पाहू."

त्यांनी एका बोटानं गिरजाचं नाव टाईप केलं. मशीननं जन्मतारीख विचारली आणि आपल्याकडची पुढे केली. भगवानरावांनी एंटर दाबलं. प्रिंटर बराच वेळ किरकिरला.

"हे घ्या. बाप मेला त्याच दिवशी पोरगी झाली. मधातले सात वर्षं गेले. आता कोनी तुमच्याकडं बोट दाखवनार नाई."

मथुराबाईनं कागद कपाळाला लावला. "मंग घेतीन ना जी तिले?"

"काऊन नाई घेनार?" असं म्हणत भगवानराव सवयीनं बोटांवर मोजू लागले. दोन्ही हात संपले. पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू केलं.

"अठरा," ते म्हणाले. मग कान खाजवला. "वस्तिगृहात चौदापर्यंतच घेतात."

बाकावरचा मारोतराव उठला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

"कितीक म्हनले साहेब?"

"अठरा."

"शिक्का?"

"मारलाय."

त्यानं मथुराबाईच्या हातातून कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. "मास्तरले दाखवतो," तो म्हणाला आणि जीप पाहायला निघून गेला.

"फाडा जी तो कागद!" मथुराबाईनं खिडकीचे गज धरले. "खोटा हाय म्हना!"

"कागद फाडता येते बाई. याच्यातला कसा फाडू?" भगवानरावांनी मशीनकडे पाहिलं. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "मतदार यादीतही येते आता तिचं नाव."

पंखा थांबला. करंट गेला होता. रांगेतली माणसं खाली बसली. थोड्या वेळानं पंखा फिरला, मशीननं तारीख विचारली, भगवानरावांनी एंटर दाबलं.

बाहेर पायरीवर गिरजा तोंडात बोट घालून बसली होती. माय दिसताच तिनं बोट काढलं आणि जबडा वासला.

"माय, पाह्य ना," ती म्हणाली. "दुधाची दाढ हालून राह्यली."