डाव्या लेनमधला वास

नीलकंठ चौबळची गाडी तासभर डावी लेन सोडत नव्हती. पुढे कचऱ्याचा डंपर होता आणि त्यातून गळणारं काळं पाणी काचेवर उडत होतं. नाकाला रुमाल लावून तो गाडीवर खेकसला, "उजवी लेन घे!"

"परवानगी नाही," गाडी शांतपणे म्हणाली. "सोसायटीच्या हिरवळीवरची आपल्या कुत्र्याची घाण आपण तीन दिवस उचललेली नाही, अशी गवताची नोंद आहे."

मागच्या सीटवर त्याची आई पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती. पुण्याला तिची धाकटी बहीण शेवटच्या घटका मोजत होती.

नीलकंठने सोसायटीच्या झाडूवालीला फोन लावला.

"मी कालच उचलली, साहेब," सविताबाई म्हणाली. "पण गवत ऐकत नाही. त्याला मालकाचाच हात लागतो."

"मी हात घालू त्यात? शी!" त्याने फोन आपटला.

टोलनाक्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. वरच्या फलकावर पुढच्या टप्प्याच्या लेन जाहीर होत होत्या. आधी डंपरचा नंबर झळकला. उजवी लेन. कारण: चालक चाळीपुढची बाग रोज स्वतः झाडतो. खाली नीलकंठचा नंबर आला. डावी लेन. कारण: कुत्र्याची घाण.

आईने दोन्ही ओळी वाचल्या आणि दार उघडलं. डंपरच्या ड्रायव्हरला तिने हात केला.

"आई, अगं, त्या घाणीत बसणार तू?"

"तिथे वास जरा कमी असेल," ती म्हणाली आणि डंपरमध्ये चढून दार लावून घेतलं.