घरची लाईन

सुज्ञ वाचकहो, एका अंतराळमोहिमेच्या नियंत्रण कक्षात घडलेला एक किळसवाणा प्रसंग, पदरचे काहीही न घालता, आपणांसमोर सविनय मांडीत आहे.

अंतराळवीराची घरच्यांशी बोलण्याची वेळ झाली होती. हल्ली आवाजदेखील इंटरनेटवरूनच वर जातो. अशा वेळी कक्षातील सर्वांनी हेडफोन उतरवून ठेवावेत, केवळ लाईन सांभाळणाऱ्या ऑपरेटरने ते लावून बसावे, असा तेथील रिवाज. सर्वांनी तो पाळला. प्रमुखांनी मात्र पाळला नाही.

"साहेब, खासगी बोलणं आहे," ऑपरेटर म्हणाला.

"असू दे रे. त्याचा बाप गेल्याचं बायको बोलून बसली तर? उद्या त्याला यानाबाहेर जाऊन दुरुस्ती करायचीय. रडायला लागली की लाईन तोड."

प्रमुख क्रीमचे बिस्कीट चघळीत ऐकू लागले. तो मचमच आवाज कक्षभर ऐकू येत होता.

"अगं, बाबांना दे की फोन," वरून आवाज आला.

"झोपलेत हो ते," पत्नी म्हणाली.

"या वेळी? बरं, उठवू नकोस. उठले की सांग, तुमच्या पोराला अजून दाढी नीट करता येत नाही."

पत्नी हसली. ते हसणे ऐकवेना.

समोरच्या पडद्यावर प्रत्येक लाईनची एक चौकट असते. तिला एकदा बोट लावले असता ऐकू येते. पुन्हा लावले असता आपलाही आवाज त्या लाईनवर जातो. घरच्या लाईनच्या चौकटीवर क्रीम सांडले होते. प्रमुखांनी ते अंगठ्याने पुसले. हिरवी चौकट तांबडी झाली.

ऑपरेटरने ते पाहिले. परंतु तो काही बोलण्यापूर्वीच प्रमुख उद्गारले, "वा! वहिनी पक्क्या निघाल्या. म्हातारा काल खपला आणि या पठ्ठ्याला पत्ताच नाही!"



"कोण खपला?" वरून प्रश्न आला. "अगं, बोल ना. बाबा?"

"काल सकाळी गेले हो," पत्नीचा बांध फुटला. "या साहेबांनी मला सांगू दिलं नाही."

"तोड! तोड लाईन!" प्रमुख ओरडले. ऑपरेटर जागचा हलला नाही. प्रमुखांनी स्वर मऊ केला. "हे बघ, झालं ते वाईटच झालं. पण उद्याचं काम... तेवढं होईल ना?"

वरून उत्तर आले.

"होईल, साहेब. आता घरच्यांना बोलू द्या."

ऑपरेटरने हात पुढे केला आणि प्रमुखांची लाईन तोडली.

आपण हे अखेरपर्यंत वाचण्याची कृपा केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
नाना वायरमन