अडखळणारी रेघ

"मॅडम, यंत्र तुमच्या या चित्राला नक्कल म्हणतंय," संग्रहालयाचा अधिकारी म्हणाला.

डॉ. वसुमती केळशीकर भौतिकशास्त्रज्ञ होत्या, विज्ञानकथाकार होत्या आणि संगणकाकडून चित्रे काढून घेणाऱ्या पहिल्या पिढीतल्या होत्या. परीक्षक यंत्राने मूळ ठरवल्याखेरीज आता कोणत्याही चित्राखाली चित्रकाराचे नाव लागत नसे.

"ही अशी मध्येच अडखळणारी रेघ आजच्या प्रत्येक यंत्रचित्रात असते."

"हे चित्र काढलं त्या दिवशी संगणकाला जोडलेल्या माझ्या प्लॉटरच्या पेनातली शाई वाळली होती. यंत्रं ती चूक माझ्याकडूनच शिकली."

"असेलही. तेवढी रेघ सरळ करून द्या ना, मग चित्र तुमचंच ठरेल."

"तेवढीच तर माझी आहे," म्हणत वसुमतीबाईंनी चित्र गुंडाळून परत नेले.

संग्रहालयात त्याच्या जागी परीक्षक यंत्राने मूळ ठरवलेले एका यंत्राचे चित्र लागले. त्यातली रेघ नेमकी तिथेच अडखळत होती.