वाररेषा आणि केरसुणी

ऑकलंडहून “आई, विमानात बसले,” असा मुलीचा फोन आला आणि कुमुदबाईंनी केरसुणी दाराआड ठेवली. घरचे माणूस प्रवासाला निघाले, की ते पोहोचेपर्यंत त्या केर काढत नसत.

“सॅन फ्रान्सिस्को साडेदहा हजार किलोमीटर, विमानाला बारा तास,” त्यांचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर, हसून म्हणाले. “पण मध्ये वाररेषा आहे. मंगळवारी रात्री आठला निघालेली तुझी लेक मंगळवारीच दुपारी एकला उतरणार.”

“अहो, म्हणजे निघण्याच्या सात तास आधीच?”

“तिथल्या घड्याळाप्रमाणे, हो.”

कुमुदबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. इथेही मंगळवारच होता आणि दुपारचा दीड वाजून गेला होता. “मग पोहोचली की!” म्हणत त्यांनी पदर खोचला आणि केरसुणी उचलली.

चाळीस वर्षे या प्रथेची थट्टा करणाऱ्या मास्तरांना एकाएकी नकाशावरचा तो निळा रंग आठवला, टेकायला एक ठिपकाही नसलेला.

“थांब, अजून पाण्यावरच आहे ती,” म्हणत त्यांनी केरसुणी काढून घेतली आणि मांडीवर घट्ट धरून ते खुर्चीत बसून राहिले.