कोरा हात

चंद्रावरच्या वसाहतीत चोरी झाली. काय गेलं ते वसतिप्रमुख वसुधाताईंनी सांगितलं नाही; तिन्ही सहकाऱ्यांना एकेकटं अंधाऱ्या खोलीत पाठवून 'पारखी'वर तळहात ठेवायला लावला. चोराचा हात लागला की हे यंत्र ओरडतं, हे लहान मूलही जाणत होतं.

यंत्र ओरडलं नाही. ओरडणार कसं? चोरीला त्याचीच बॅटरी गेली होती. म्हणून ताईंना लॉगॅरिदम शोधून गुणाकाराची बेरीज करणारा स्कॉटिश गणिती नेपियर आठवला. त्यानं म्हणे काळ्या कोंबड्याला काजळी फासली, कोंबडा चोर ओळखतो असं सांगून नोकरांना अंधारात त्याच्या पाठीवर हात फिरवायला लावला. भ्यालेल्या चोराचा हात तेवढा कोरा राहिला. ताईंनी पारखीला न दिसणारी भुकटी फासली होती.

जांभळ्या दिव्याखाली मंदाकिनीचा हात कोरा निघाला.

"मंदा, उद्याच्या यानानं तू पृथ्वीवर परत जाशील."

"आज संकष्टी आहे ताई, खोटं बोलायची नाही. या पारखीनं माझ्या निर्दोष भावाला तुरुंगात घातलं. तिला हात कसा लावू?"

इर्शादनंही आपला कोरा हात पुढे केला. "माझाही धीर झाला नाही."

"भित्रे कुठले!" शार्दूल हसला. त्याचा तळहात लखलखत होता. "मी तर चांगला दाबून ठेवला!"

ताई त्या हाताकडे पाहत राहिल्या. निर्दोष माणसंसुद्धा जिला भितात, तिला हा एकटाच कसा भ्याला नाही?

"शार्दूल," त्या हळूच म्हणाल्या, "बॅटरी कुठे ठेवलीस रे?"