तांदळाचा रांजण

युनशिलनं तांदळाच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. तांदळाखाली काही नव्हतं. वर्षभर काहीच नव्हतं. तरी तांदूळ धुवायच्या आधी हात आपोआप खोल जायचा.

“मोती शोधतेस का त्यात?” मागून सासूबाई म्हणाल्या. सकाळच्या बसनं त्या सोक्चोहून आल्या होत्या, सुकवलेला मासा कागदात गुंडाळून. “मुळा चिरायला घे. आणि सोरीची आई, सुपात मिरची नको, लसूण नको. आज नाही.”

“त्यांना तिखटच लागतं, आई.”

“मला सांगतेस? मी जन्म दिलाय त्याला.”

मुळा चिरता चिरता फोन वाजला. लेकीचा, सोरीचा. बाळ अजून शंभर दिवसांचंही नव्हतं आणि इतक्या तान्ह्या बाळाला अशा दिवशी आणायचं नसतं, म्हणून ती आज येणार नव्हती. उद्या येणार होती. नोकरीवर परत रुजू व्हायचं, तर बाळ युनशिलकडे ठेवणार होती. इवलीशी गादी युनशिलनं कालच उन्हात घातली होती.

“आज्जी दारू आणायला लावेल तुला,” सोरी म्हणाली. “आणू नकोस.”

“बघते.”

“बघते नाही, आई. त्या घरात एक बाटली जरी दिसली तरी मी बाळाला घेऊन दारातूनच परत फिरेन. मी काय काय पाहिलंय, तुला माहितीये.”

“माहितीये गं.”

“मग आज्जीला सांगून टाक ना एकदाचं.”

युनशिलनं सुरी खाली ठेवली. “त्यांना कसं सांगू?”

पलीकडे बाळ रडायला लागलं. तिनं ते रडणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग फोन ठेवला.

लग्नानंतरची काही वर्षं ती नवऱ्याच्या, दोक्मानच्या बाटल्या मोरीत ओतायची आणि मार खायची. पुढे ओतणं सोडलं. बाटल्या तशाही रिकाम्या व्हायच्याच. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी बजावलं, घरात थेंबही नको. तेव्हापासून आरोग्यकेंद्रातली गुरुवारची बैठक तिनं कधी चुकवली नव्हती.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “आज पेल्यात चहा ठेवू या का?”

सासूबाईंचा नाशपाती पुसणारा हात थांबला. “चहा? माझ्या मुलापुढे? आजच्या दिवशी?”

“डॉक्टर म्हणाले होते...”

“घाल चुलीत त्या डॉक्टरला! एका पेल्यानं काय होतंय?”

“एकच पेला कधी नसतो, आई.”

“बघ, हे असं तोंड! घरात बाईचं तोंड हसरं असतं, तर माझं पोर बाटलीकडे गेलं नसतं.”

पायात चपला सरकवून युनशिल कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदारणीनं तांदळाच्या दारूची बाटली काढली, पण लगेच दिली नाही.

“पुन्हा?”

“सासूबाई आल्यात,” युनशिल म्हणाली आणि बाटली पदराआड धरावी तशी कोटाआड धरून घरी आली.

अंधारून आलं. सासूबाई म्हणाल्या, “दार उघडं ठेव. सुपाच्या वासानंच येईल बघ तो.”

तिनं साखळी काढली. दोक्मानच्या लाथांनी वाकलेली ती साखळी अजून तशीच होती. मग उदबत्ती लावली. चमचा भातात उभा रोवला. दोन्ही हातांनी पेला भरून दोक्मानच्या फोटोपुढे ठेवला आणि जमिनीला डोकं टेकलं. सासूबाई टेकल्या नाहीत. आईनं मुलापुढे वाकायचं नसतं. त्यांनी फक्त बाहीनं फोटोची काच पुसली, पुन्हा पुन्हा.

“ये रे,” त्या म्हणाल्या. “आता कुणी अडवत नाही तुला.”

उदबत्ती विझली, तसा त्यांनी तो पेला उचलून सुनेपुढे धरला.

“घे. त्याच्या पुढ्यातलं आहे. घरच्यांनी प्यायचं असतं, टाकायचं नसतं.”

“मी... नको, आई.”

“दोन वर्षं झाली त्याला जाऊन. अजून राग धरतेस?”

सासूबाईंनी पेला तसाच पुढे धरून ठेवला. युनशिलनं कोपऱ्यातल्या इवल्या गादीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पेला घेतला, मोठ्यांपुढे फिरवतात तसं तोंड फिरवलं आणि प्यायली.

“शहाणी माझी ती,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या आणि ताटल्या उचलून मोरीकडे गेल्या.

त्यांची पाठ वळताच युनशिलनं उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती तांदळाच्या रांजणात, कोपरापर्यंत हात घालून, नेहमीच्या जागी पुरली.